वास आला, पण शिजतंय काय?

"बाई, ऐकलंत का? दुसऱ्या ग्रहावर जीव सापडला म्हणे!"

२०२५च्या एप्रिलमधली सकाळ. शेजारच्या वहिनी कुंपणापलीकडून मोबाइल नाचवत हाका मारत होत्या. मी ओट्याशी उभी राहून कोबी चिरत होते. वहिनींनी खिडकीच्या गजांतून फोन आत सरकवला. फोटोत मोठ्या डोळ्यांचा एक हिरवा माणूस, मागे निळाशार गोळा आणि वर ठळक अक्षरांत परग्रहावर जीवसृष्टी सापडल्याची घोषणा. संध्याकाळपर्यंत हाच फोटो भिशीच्या ग्रुपवर आला, माजी विद्यार्थिनींच्या ग्रुपवर आला, आणि भजनी मंडळाच्या ग्रुपवर तर हात जोडलेल्या चार चित्रांसकट आला.

एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाले, पण गावाने काही मला निवृत्त केलेलं नाही. ग्रहणात गरोदर बाईने सुरी धरली तर काय होतं इथपासून इन्व्हर्टरमध्ये कुठलं पाणी घालायचं इथपर्यंत सगळे प्रश्न आमच्याच दारात. त्यामुळे वहिनींना उत्तर हवंच होतं.

"खरं आहे का हो?"

"एका ग्रहाच्या हवेत एका वायूची खूण दिसल्यासारखी वाटतेय, असं काही शास्त्रज्ञ म्हणतायत."

"म्हणजे सापडला ना जीव?"

"नाही."

"मग काहीच नाही सापडलं?"

"तसंही नाही."

वहिनींचा चेहरा पडला. "तुमचं बाई नेहमी असंच," असं म्हणून त्या फोन घेऊन निघून गेल्या. मला मात्र रुखरुख लागून राहिली. एवढी वर्षं खडू झिजवले आणि हे 'तसंही नाही' मला धड समजावून सांगता येऊ नये? शिवाय, खरं सांगू का मैत्रिणींनो, त्या आठवड्यात मी स्वतःच अशा एका 'तसंही नाही'मध्ये अडकले होते. त्याविषयी पुढे सांगते. आधी तो ग्रह.

त्याचं नाव के२-१८बी. बारशाला आत्या नसली की असली नावं पडतात. केप्लर नावाच्या अवकाश दुर्बिणीच्या दुसऱ्या मोहिमेत तो २०१५ साली सापडला. सिंह राशीच्या दिशेला, आपल्यापासून सुमारे १२४ प्रकाशवर्षं दूर. म्हणजे त्याच्या ताऱ्याचा जो उजेड आज आपल्यापर्यंत पोचतोय, तो तिथून निघाला तेव्हा माझ्या आजीचाही जन्म झाला नव्हता. ग्रह पृथ्वीच्या साधारण साडेआठ पट वजनाचा आणि अडीच पटीहून थोडा अधिक रुंद. त्याचं वर्ष अवघ्या ३३ दिवसांचं. त्याचा तारा आपल्या सूर्यापेक्षा लहान, मंद, लालसर.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा. या ग्रहाचा फोटो कुणीही काढलेला नाही. तो निळाशार गोळा म्हणजे चित्रकाराची कल्पना. हिरव्या माणसाबद्दल तर बोलायलाच नको. दुर्बिणीला दिसतो तो फक्त तारा, तोही एक ठिपका. मग १२४ प्रकाशवर्षांवरच्या, न दिसणाऱ्या ग्रहाच्या हवेत कुठला वायू आहे हे कळतं तरी कसं?

मला विचाराल तर अख्ख्या बातमीतली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे, आणि नेमकी तीच कुठे छापून आली नाही.

ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडासा उजेड अडतो. या ग्रहाच्या बाबतीत हजारात तीन भागांपेक्षाही कमी. पण ग्रहाभोवती हवा असेल तर तिची एक पातळ कड असते, आणि ताऱ्याचा अगदी थोडा उजेड त्या कडेतून आरपार गाळून आपल्याकडे येतो. दिव्यासमोर मलमल धरावी तसा. हा गाळलेला उजेड दुर्बिणीने पकडायचा आणि इंद्रधनुष्यासारखा त्याच्या रंगांत पसरायचा. त्याला म्हणायचं वर्णपट.

आता पंगत डोळ्यांपुढे आणा. पानात सगळं वाढलेलं आहे. पंगत उठल्यावर तुम्ही आत गेलात, माणसं निघून गेली, फक्त भांडी राहिली. जिलब्यांचं ताट साफ, मठ्ठ्याला कुणी हातही लावलेला नाही आणि अळूच्या फतफत्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खाल्लेले. तुम्ही लगेच सांगाल, अमक्या घरची मंडळी येऊन गेली! हवेतल्या रेणूंचं असंच असतं. उजेडाचे सगळे रंग त्यांच्यापुढे वाढलेले असतात, पण प्रत्येक रेणू आपल्या ठरलेल्या आवडीचेच रंग खातो. पाण्याची वाफ वेगळे खाते, मिथेन वेगळे, कार्बन डायऑक्साइड आणखी वेगळे. यातले बरेचसे आपल्या डोळ्यांना न दिसणारे, अवरक्त किरणांतले 'रंग' असतात. गॅस बंद केल्यावर तव्याची धग हाताला जाणवते ना, ते हेच किरण. ग्रहावरून आलेल्या उजेडात कुठले रंग कमी पडलेत ते मोजलं की कोण जेवून गेलं ते कळतं.

हे पहिल्यांदा जमलं २००२ साली. त्याच्या आधी २००० साली सारा सीगर आणि दिमितार सॅसेलोव्ह यांनी कागदावर गणित मांडून सांगितलं होतं की ताऱ्याच्या अगदी जवळ फिरणाऱ्या तापलेल्या ग्रहांच्या हवेत सोडियम शोधा, तो दिसेल. आणि डेव्हिड शार्बोनो व त्यांच्या सहकाऱ्यांना हबल दुर्बिणीतून, सुमारे दीडशे प्रकाशवर्षांवरच्या एका ग्रहाच्या हवेत तो दिसला. सोडियम म्हणजे आपल्या मिठातला अर्धा भाग. गॅसवर ठेवलेलं आमटीचं पातेलं उतू गेलं की निळी ज्योत क्षणभर पिवळीजर्द होते, बघितलंय ना? तो पिवळा रंग सोडियमचा. त्या ग्रहाच्या उजेडात नेमका तोच पिवळा कमी पडला होता.

या सारा सीगरबाईंविषयी दोन वाक्यं लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. परग्रहांच्या हवेवर काम करायचं त्यांनी ठरवलं तेव्हा असं काही कधी मोजता येईल यावर फार कुणाचा विश्वास नव्हता. पुढे त्या अमेरिकेतल्या एमआयटीत प्राध्यापक झाल्या. २०११ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांचे पती कर्करोगाने गेले. पदरात दोन लहान मुलगे. घरातलं सगळं तोवर नवराच बघायचा. जाण्याआधी त्याने घर कसं चालवायचं याच्या सूचना तीन पानांवर लिहून ठेवल्या होत्या. हे सगळं, आणि आपल्या गावातल्या इतर विधवा मैत्रिणींनी आपल्याला कसं उभं केलं तेही, सीगरबाईंनी २०२० साली आलेल्या आत्मकथनात मोकळेपणाने लिहिलंय. तारे मोजणारी बाई, आणि किराण्याच्या दुकानात गोंधळून उभी. मला त्या फार जवळच्या वाटल्या.

तर, २०२१च्या नाताळच्या दिवशी जेम्स वेब ही नवी दुर्बीण आकाशात गेली. साडेसहा मीटर रुंदीचा आरसा, पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटर दूर. २०२२च्या ऑगस्टमध्ये तिने सुमारे सातशे प्रकाशवर्षांवरच्या वास्प-३९बी या ग्रहावर कार्बन डायऑक्साइड टिपला, आणि इतका स्पष्ट की वादाला जागाच उरली नाही. त्याच वर्षी त्याच ग्रहावर सल्फर डायऑक्साइडही सापडला. आजवर सहा हजारांहून जास्त परग्रह सापडलेत. त्यांतल्या ठरावीक ग्रहांचीच हवा अशी वाचता आली आहे, पण ती खरोखर वाचता आली आहे. जेम्स वेबला कधीकधी 'इथे दाट हवा दिसत नाही' असंही उत्तर मिळतं. चाळीस प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याच्या सगळ्यात आतल्या ग्रहाबाबत २०२३ साली तसंच झालं. त्याच्या बातम्या कुणी पाठवल्याचं मला आठवत नाही.

आता के२-१८बी. या ग्रहाच्या नशिबी मथळेच लिहिलेत बहुतेक. २०१९ साली हबलच्या मोजमापांवरून जाहीर झालं की त्याच्या हवेत पाण्याची वाफ आहे. जगभर बोलबाला झाला. २०२३ साली जेम्स वेबने नीट बघितलं तर तिथे ठळकपणे दिसले मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड. ज्याला आपण पाणी समजलो होतो ती खूण मिथेनची असावी असं दिसू लागलं. हबलला जेवढा पट्टा दिसत होता त्यात मिथेन आणि पाणी एकाच ताटात जेवतात. जिलब्या संपल्या हे खरंच होतं, फक्त खाणारे वेगळे निघाले.

हे काम केंब्रिज विद्यापीठातल्या ज्या गटाने केलं त्याचे प्रमुख आपलेच, निक्कू मधुसूदन. बनारस हिंदू विद्यापीठाच्या तंत्रज्ञान संस्थेत शिकले, आणि एमआयटीत पीएचडी केली ती याच सीगरबाईंच्या हाताखाली. त्यांच्या गटाला २०२३ मध्ये आणखी एक पुसट खूण दिसली होती, डायमिथाइल सल्फाइड नावाच्या वायूची. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी वेगळ्या उपकरणाने, वेगळ्या पट्ट्यात पुन्हा मोजलं आणि सांगितलं की हा वायू, किंवा त्याचाच भाऊ डायमिथाइल डायसल्फाइड, तिथे असल्याची चिन्हं आहेत.

हा वायू तुमच्याआमच्या अगदी ओळखीचा आहे बरं का. कोबी शिजताना घरभर जो वास सुटतो, मक्याची कणसं उकडताना जो गोडसर वास येतो, त्यात तो असतो. समुद्राच्या वासातही त्याचा वाटा आहे. आपल्या पृथ्वीवर तो मुख्यतः समुद्रातल्या अतिसूक्ष्म वनस्पती तयार करतात. म्हणूनच सगळा गाजावाजा. हा वायू तिथे असेल, तर तो करणारे जीवही तिथे असतील का?

इथे तीन पायऱ्या आहेत, आणि आपण सगळ्यांनी एका उडीत तिन्ही ओलांडल्या. उजेडात काहीतरी खरंच कमी पडलंय का, ही पहिली. ते याच रेणूने खाल्लंय का, ही दुसरी. आणि हा रेणू तिथे जीवांनीच केलाय का, ही तिसरी.

पहिल्या पायरीवरच पाय डळमळतो. मोजायचा फरक आहे लाखातल्या काही भागांचा. उपकरणाची स्वतःची खरखर असतेच. मधुसूदन यांच्या गटाच्या हिशेबाने, केवळ योगायोगाने असा आकार उमटण्याची शक्यता हजारात तीन. ऐकायला फारच पक्कं वाटतं. पण शास्त्रज्ञ शोध म्हणतात तो ही शक्यता दहा लाखांत एकापेक्षाही खाली आल्यावर. तिथे पोचायला वेब दुर्बिणीचे आणखी १६ ते २४ तास लागतील, हे त्याच गटाने त्याच वेळी सांगितलं होतं. म्हणजे ज्यांचा शोध, ते म्हणत होते थांबा, अजून बघायचंय. अर्थात विद्यापीठाच्या पत्रकाचा सूरही काही फार दबका नव्हता, हेही म्हटलं पाहिजे. एका हाताने थांबा म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने ढोल वाजवायचा, हे त्यांच्याकडेही चालतं.

आठवडाभरातच ऑक्सफर्डच्या जेक टेलर यांनी तीच मोजमापं तपासली आणि म्हटलं, मला तर इथे सरळ रेघच दिसतेय, कुठल्याच रेणूची खात्रीची खूण नाही. शिकागो विद्यापीठातल्या गटाने नवीजुनी सगळी मोजमापं एकत्र करून पाहिली. त्यांचंही म्हणणं, पुरावा पुरेसा नाही. आणखी एका गटाने दुसऱ्या पायरीवर बोट ठेवलं, आणि ते मला फार आवडलं. त्यांचं म्हणणं, तुम्ही मोजक्याच रेणूंना विचारलंत, म्हणून त्यांतला एक सापडला. यादी वाढवलीत तर इतर कितीतरी रेणू तितकेच चपखल बसतात. घरातल्या दोनच मुलांना 'लाडू कुणी खाल्ला' म्हणून उभं केलं, तर दोघांतला एक चोर ठरणारच. लाडू उंदराने नेला असेल हे कुणी विचारातच घेतलं नाही!

आणि तिसरी पायरी? हाच डायमिथाइल सल्फाइड ६७पी नावाच्या धूमकेतूवर असल्याचं २०२४ साली प्रसिद्ध झालं. धूमकेतू म्हणजे गोठलेला बर्फ-धुळीचा गोळा, तिथे कुठले आलेत जीव? त्याच वर्षी प्रयोगशाळेत साध्या वायूंच्या मिश्रणावर उजेड टाकूनही तो तयार करून दाखवला गेला. शिवाय के२-१८बीवर तो आपल्या हवेपेक्षा हजारो पट जास्त असावा असं ते गणित सांगतं. हे ऐकून कुणाला आनंद होतो, मला मात्र पातेल्यात मीठ चुकून दोनदा पडल्यासारखं वाटतं. आणि त्या ग्रहावर समुद्र आहे, का वितळलेला खडक, का नुसताच खोल वायू, हेसुद्धा अजून ठरलेलं नाही.

आता माझ्या त्या आठवड्याविषयी.

एप्रिलच्या सुरुवातीला कोल्हापूरला मॅमोग्राफी करून घेतली होती. मुलगी मागे लागली म्हणून. डाव्या बाजूला 'शंकास्पद सावली' आली. सुईने तपासायचं ठरलं, आणि रिपोर्टला वेळ लागणार होता. मॅमोग्राफी म्हणजे तरी काय हो? शरीरातून किरण आरपार पाठवायचे आणि कुठे किती कमी पोचले ते बघायचं. त्या ग्रहाच्या हवेचं जे, तेच माझं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलणं स्वच्छ. म्हणाल्या, "सावली आहे, एवढंच आज खरं आहे. ती कशाची आहे ते आज मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, आणि तुमच्या नातेवाइकांना तर नाहीच नाही."

नातेवाइकांना मात्र सगळं माहीत होतं. नणंदेने नवस बोलला. एकीने पपईच्या पानांचा रस आणून दिला. लांबच्या एका जावेने फोनवर रडून घेतलं आणि मग माझ्या पाटल्यांविषयी मायेने चौकशी केली. अकरा दिवस मी घरात जिवंतपणी फोटो होऊन बसले होते, फक्त हार घालायचा राहिला होता. त्यातच वहिनींनी तो हिरवा माणूस खिडकीतून आत सरकवला. आता कळलं ना, माझ्या तोंडून 'तसंही नाही' एवढ्या घाईने का निघालं?

माझी गाठ साधी निघाली. पण रिपोर्ट घ्यायला गेले त्या दिवशी माझ्या शेजारी बाकड्यावर एक बाई बसल्या होत्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. त्यांची साधी निघाली नाही. त्यांना गाठ लागून वर्ष झालं होतं. घरचे म्हणत होते, काही नसेल, दुधाची असेल, कामं आटप मग बघू. त्या हे सगळं अगदी शांतपणे सांगत होत्या, आणि सांगताना पिशवीतला चष्म्याचा डबा उघडत-मिटत होत्या.

तो डबा अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मला वाटायचं, घाईने 'आहे' म्हणणं एवढाच काय तो गुन्हा. पण न तपासता 'काही नसेल' म्हणणं हासुद्धा न मोजता दिलेला निकालच आहे, आणि तो बायकांच्या वाट्याला जास्त येतो.

विज्ञानातही आलाय. ताऱ्यांच्या उजेडातल्या या रेघा वाचण्याचं काम शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या हार्वर्डच्या वेधशाळेत बायकाच करायच्या, अगदी तुटपुंज्या पगारावर. त्यांतली विल्यमिना फ्लेमिंग तर तिथल्या संचालकांच्या घरी मोलकरीण होती, तिथून ती वेधशाळेत आली आणि नामांकित झाली. तिथेच १९२५ साली सेसिलिया पेन नावाच्या पंचविशीतल्या मुलीने आपल्या प्रबंधात रेघा वाचून दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेत. त्या काळचे मोठे खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांनी तिला सांगितलं की हे अशक्य आहे. मग तिने स्वतःच्याच प्रबंधात, आपलं हे उत्तर बहुधा खरं नसावं, असं लिहून टाकलं. चार वर्षांनी, १९२९ साली, रसेल स्वतः दुसऱ्या वाटेने त्याच उत्तराशी येऊन पोचले. तिच्याकडे पुरावा होता. तिचं वय आणि तिचं बाईपण पुराव्याच्या आड आलं. म्हणून मी 'थांबा, तपासा' म्हणते तेव्हा जरा जपूनच म्हणते. तपासा म्हणजे पुन्हा मोजा, दुसऱ्या उपकरणाने मोजा, दुसऱ्या माणसाकडून मोजून घ्या. गप्प बसा असा त्याचा अर्थ नव्हे. केंब्रिजच्या त्या गटाला कुणी गप्प बसा म्हटलं नाही, हे या सगळ्या वादातलं मला सर्वांत चांगलं वाटलं. त्यांची मोजमापं घेतली आणि उघडपणे पुन्हा गणित मांडलं, बस्स.

आता माझीही एक चूक कबूल करते. विजयदुर्ग आमच्या गावापासून दीड तासावर. शाळेची सहल तिकडे कितीदा नेली! किल्ल्यातले ते चौथरे, ज्यांना 'साहेबाचे ओटे' म्हणतात, तिथे मुलींना उभं करून मी छाती फुगवून सांगायची, "मुलींनो, १८ ऑगस्ट १८६८च्या ग्रहणात लॉकियर साहेबांनी इथून हेलियमचा शोध लावला." तिथे १८ ऑगस्टला हेलियम दिनही साजरा होतो. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा जरा खोलात वाचलं आणि थंडच पडले. त्या ग्रहणात सूर्याच्या कडेवरच्या चकाकत्या रेघा बघितल्या त्या जान्सन या फ्रेंच शास्त्रज्ञाने, आंध्रातल्या गुंटूरहून. लॉकियर तेव्हा इंग्लंडात होते, आणि त्यांनी ऑक्टोबर महिन्यात तिकडूनच, ग्रहण नसताना, त्या रेघा बघितल्या. त्यांत एक पिवळी रेघ होती, सोडियमच्या पिवळ्याच्या अगदी शेजारी, पण तिची जागा जुळत नव्हती. लॉकियर विजयदुर्गला आले हे खरं, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला. ओटे त्या मुक्कामातले असावेत. जागा खरी, साहेब खरा, ग्रहण खरं, फक्त ग्रहण दुसरं! आपल्या कोकणात काही मोठं घडलं असावं ही हौस इतकी होती की मी तारीख कधी ताडूनच पाहिली नाही.

आणि त्या पिवळ्या रेघेचं पुढे काय झालं? लॉकियर म्हणाले, हे नवीन मूलद्रव्य. अनेकांनी नाकं मुरडली. पृथ्वीवर जे कुणी पाहिलं नाही ते नुसत्या एका रेघेवरून कसं मानायचं? तब्बल २७ वर्षं तसंच लोंबकळत राहिलं. १८९५ साली विल्यम रॅमसे यांना एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेघ सापडली आणि प्रश्न मिटला. २७ वर्षं, आणि तेही सूर्याच्या बाबतीत, जो आपल्याला रोज दिसतो.

माझं गाऱ्हाणं आहे ते मथळे लिहिणाऱ्यांशी आणि, रागावू नका, पण पुढे ढकलणाऱ्या आपल्या सगळ्यांशी. जीव सापडला ही बातमी आमच्या भिशीच्या ग्रुपवर एका दिवसात तीनदा आली. पुरावा पुरेसा नाही ही बातमी त्यानंतर एकदाही आली नाही. शाळेतल्या मुलींना काय वाटत असेल? एप्रिलमध्ये जीव सापडला, मग सगळे गप्प, म्हणजे शास्त्रज्ञ थापा मारतात. पंगतीची ती गोष्ट, मिठाची पिवळी ज्योत, लाखातल्या काही भागांसाठी माणसं रात्रंदिवस हिशेब करतात ते, हे त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. हिरवा माणूस तेवढा पोचतो.

परवा वहिनींना हे सगळं सांगितलं. अगदी पहिल्यापासून, पंगतीसकट. पाऊण तास गेला, चहा दोनदा झाला. लाडवाच्या चोरीला त्या खूप हसल्या. शेवटी गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "मग आता पुढची तारीख कधी?"

त्यांची जमिनीची केस वीस वर्षं कोर्टात चालू आहे, त्या भाषेत त्या तरबेज. मी म्हटलं, ग्रह दर ३३ दिवसांनी ताऱ्यासमोरून जातो, पण दुर्बीण दर वेळी त्याच्याकडेच बघत नाही. जगभरच्या शास्त्रज्ञांची रांग लागलेली असते, नंबर लागावा लागतो.

"म्हणजे नुसत्या तारखाच पडणार म्हणा की," असं म्हणून वहिनी उठल्या, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोटाने ३३ दिवस मोजत बसल्या.